सशाचं नाक आणि वैशाखाचं ऊन

घरात ससा असेल तर होळी झाली की त्याच्या नाकाकडे रोज बघायची सवय लावून घ्या. उन्हाळ्यात सशाला दोन वेगळी दुखणी होतात असं आपण धरून चालतो. एक ऊन लागणं, दुसरं सर्दी. ऊन लागलं तर पाणी ओतायचं, सर्दी झाली तर ऊब द्यायची, हा माणसांवरून घेतलेला हिशेब. सशाच्या बाबतीत हाच हिशेब जिवावर बेततो. दोन शिंका आल्या म्हणून कोणी खिडक्या लावून पिंजऱ्यावर चादर टाकतं, आणि दुपारी ससा धापा टाकत आडवा झालेला असतो. उकडतंय म्हणून कोणी त्याला टबात बुडवून काढतं, मग तो दोन दिवस मलूल राहतो आणि नाक वाहायला लागतं. एका दुखण्याचा उपाय दुसऱ्याला घरात घेतो. दोन्हींची वाट एकच आहे, आणि ती नाकातून जाते.

हे नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. ससा श्वास फक्त नाकाने घेतो. त्याच्या घशाची ठेवणच तशी आहे. कुत्र्यासारखं तोंड उघडून, जीभ बाहेर काढून अंगातली उष्णता टाकणं त्याला जमत नाही. त्याला आपल्यासारखा घामही येत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोनच सोयी: कान आणि नाक. कानाच्या पातळ कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. उकडायला लागलं की त्या फुगतात, कान लालसर आणि गरम लागतात, आणि कानांवरून जाणारी हवा रक्त थंड करते. सशाच्या अंगाच्या एकूण पृष्ठभागापैकी साधारण 12 टक्के भाग नुसत्या कानांचा असतो.

पण ही सोय हवा अंगापेक्षा गार असेल तोवरच चालते. सशाचं तापमान मुळात 38.5 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा कानांवरून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत यायला लागते. मग उरतं नाक. जोरजोरात श्वास घेऊन नाकातल्या ओलाव्यावर जेवढी उष्णता काढता येईल तेवढीच. आणि नेमकं त्या वेळी नाक शेंबडाने भरलेलं असेल तर? निरोगी ससा जी दुपार कशीबशी काढतो, तीच दुपार सर्दी झालेल्या सशाला झेपत नाही. म्हणून उन्हाळ्यातली सर्दी ‘होईल बरी’ म्हणून सोडून द्यायची नसते.

‘रानातले ससे उन्हात राहतातच की’ असं घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच. माळरानावर, शेताच्या बांधावर दिसणारा तो ससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला उघड्यावर राहतो, त्याची पिल्लं केसांसकट आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. तो इथलाच आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे, त्यामुळे तो पकडून पाळताही येत नाही. आपण घरी पाळतो तो पांढरा, करडा, चट्ट्यापट्ट्याचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. त्याच्या पिल्लांच्या अंगावर जन्मतः केस नसतात, कारण ती जमिनीखालच्या बिळात जन्माला येतात. वर कितीही ऊन तापलं तरी बिळात गारवा असतो. आपण त्याचं बीळ काढून घेतलं आणि बदल्यात गॅलरीतला तारेचा पिंजरा दिला.

त्याला सुखाचं तापमान साधारण 15 ते 21 अंश. 25 च्या पुढे तो अस्वस्थ व्हायला लागतो, 30 च्या पुढे धोका सुरू होतो, आणि हवेत दमटपणा असेल तर त्याच्याही आधी. केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेची सशांवरही काम करणारी केंद्रं कुलू खोऱ्यात गारसा आणि कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर अशा थंड जागी आहेत. आपल्याकडे एप्रिलमध्ये कित्येक घरांत रात्री बारा वाजतासुद्धा खोली 30 अंशांच्या खाली येत नाही. तेव्हा खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत सशाला उन्हाळा ‘आवडेल’ असा करता येणार नाही. तो निभावून कसा न्यायचा एवढंच आपल्या हातात आहे. आणि ज्यांचं घर पत्र्याचं आहे, किंवा अगदी वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या उन्हात आहे आणि गारव्याची काही सोय नाही, त्यांनी ससा आणूच नये. मुलांचा हट्ट मोडताना वाईट वाटतं, मान्य. निदान मार्च ते जून या काळात तरी बाजारातलं इवलंसं पिल्लू आणू नका. आठ आठवड्यांच्या आतलं, आईपासून लवकर तोडलेलं, गर्दीच्या पिंजऱ्यात उन्हात बसलेलं पिल्लू बहुतेकदा आजार सोबत घेऊनच येतं.

आता जागेचं बघू. गॅलरीतला पिंजरा मार्चमध्येच आत घ्या. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खोलीतली जमीन. गार हवा खाली राहते, म्हणून टेबलावर किंवा कपाटावर ठेवलेल्या पिंजऱ्यापेक्षा जमिनीवर मोकळा बसलेला ससा सुखात असतो. शहाबादी किंवा कडप्प्याचा एखादा तुकडा त्याच्या कोपऱ्यात टाकून ठेवा, तो स्वतःहून पोट टेकून पसरतो. काही जण न्हाणीघरात ठेवतात, फरशी गार असते म्हणून. फरशी गार असते हे खरं, पण तिथे ओल असते, हवा कोंडलेली असते आणि फिनेल-ॲसिडचा वास असतो. सशाच्या नाकाला हे तिन्ही वाईट.

कूलरबद्दल सगळ्या महाराष्ट्राला एकच सल्ला देता येत नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथली हवा कोरडी, तिथे कूलर चांगला चालतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात खोली चिकट होते, गारवा जातो आणि दमटपणा तेवढा राहतो. कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या बुरसलेल्या असतील तर बदला, नाहीतर तोच बुरशीचा वारा दिवसभर सशाच्या नाकात जाईल. झोत थेट त्याच्या अंगावर नको. मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र कूलर विकत घेण्याचा विचार सोडा. तिथली हवा आधीच पाण्याने जड असते, ओल्या ताट्यांनी ती गार होत नाही. तिथे पंखा, मोकळा वारा, गोठवलेली बाटली आणि जमेल त्यांना दुपारचे चार-पाच तास एसी, हाच मार्ग. एसी 24 ते 26 वर पुरे. 18 वर लावून मग ससा एकदम गॅलरीच्या उन्हात सोडणं हे दोन्हीकडून वाईट.

गोठवलेली बाटली हा सगळ्यांना जमणारा उपाय आहे. लिटरची प्लास्टिकची बाटली पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवायची, सुती फडक्यात गुंडाळून सशाजवळ आडवी ठेवायची. त्याला हवं तर तो टेकून बसेल, नको असेल तर उठून जाईल, एवढी मोकळी जागा ठेवा. बाटल्या दोन ठेवा, एक वापरात आणि एक फ्रीझरमध्ये. लोडशेडिंग असेल त्या गावात तीन.

कोरड्या हवेच्या भागासाठी आणखी एक युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. जुना, पाझरणारा मोठा माठ किंवा रांजण आडवा ठेवा. तोंड सशाला सहज ये-जा करता येईल एवढं रुंद हवं, कडा टोकदार नकोत, आणि खाली विटा लावून तो गडगडणार नाही असा बसवा. बाहेरून त्याला ओलं गोणपाट गुंडाळा, आतून कोरडा राहू द्या. ससा दुपारभर त्यात शिरून बसतो. हरवलेल्या बिळाची थोडी भरपाई होते. गोणपाट ओलं, ससा कोरडा, हे मात्र विसरू नका. सशाला आंघोळ घालायची नसते, उन्हाळ्यातही नाही. त्याची दाट लव लवकर सुकत नाही, आणि पाण्यात धरलेला ससा एवढा घाबरतो की त्या धक्क्यानेच त्याचं बरंवाईट होऊ शकतं.

पाणी भरपूर. किलोभर वजनामागे दिवसाला साधारण 100 मिलिलिटर धरा, उन्हात त्याहून जास्त. पिंजऱ्याला टांगायच्या नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं बरं, त्यातून ससे जास्त पाणी पितात. नळीतली गोळी अडकली तर दिवसभर पाणी मिळत नाही आणि बाटली भरलेली दिसत असल्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही. पाण्यात ग्लुकोज, मीठ-साखर, सरबत काही घालू नका, साखरेने त्याचं पोट बिघडतं. कोथिंबीर, पुदिना, हरळी धुवून ओलीच द्या, तेवढंच पाणी पोटात जातं. मुख्य खाणं मात्र वाळलेलं गवतच. लांब केसांचा अंगोरा असेल तर उन्हाळ्याआधी त्याचे केस कापून घ्या. आपण मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून फिरलो तर काय होईल, तसं त्याचं होतं. सगळ्याच सशांची लव या दिवसांत झडते, ती रोज विंचरून काढा, नाहीतर ती खोलीभर उडते आणि नाकात जाते.

नाकाच्या दुखण्याकडे येऊ. सशांच्या सर्दीमागे बहुतेकदा ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ नावाचा जिवाणू असतो. गंमत अशी, गंमत कसली, पंचाईत अशी की कितीतरी निरोगी दिसणाऱ्या सशांच्या नाकात तो आधीपासूनच गुपचूप राहत असतो. प्रवास, नवा पिंजरा, कुत्र्याचं भुंकणं, उपासमार आणि उन्हाचा ताण यांनी सशाची ताकद कमी झाली की तो डोकं वर काढतो. म्हणजे उन्हापासून जपणं हाच सर्दीवरचा पहिला उपाय झाला. दुसरा एक जिवाणू, ‘बोर्डेटेला’, कुत्र्यांत आणि गिनिपिगमध्येही असतो. सशाला तो फारसा त्रास देत नाही, पण सशाकडून गिनिपिगला गेला तर गिनिपिग न्यूमोनियाने मरू शकतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायची पद्धत म्हणूनच चुकीची.

एखादी शिंक म्हणजे आजार नव्हे, गवताचा कण गेला तरी ससा शिंकतो. पण दिवसात वारंवार शिंका, नाकाशी पांढरा किंवा पिवळा स्राव, श्वासाला घरघर, हे दिसलं तर थांबू नका. नाक कोरडं दिसलं तरी पुढच्या पायांची आतली बाजू बघा. ससा त्या पायांनीच नाक पुसतो, त्यामुळे तिथली लव चिकटून तिच्या जटा झालेल्या असतील तर सर्दी जुनी आहे असं समजा. एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर दोष कदाचित दातांचा असेल. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वरच्या दातांची मुळं आत वाढून अश्रूंची नळी दाबतात. मान एका बाजूला कलली असेल तर संसर्ग कानात उतरला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि हे सगळं वाढवणारी जी गोष्ट आपल्या हातात आहे ती म्हणजे पिंजऱ्याचा ट्रे. सशाच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि उन्हात तो भराभर सुटतो. हिवाळ्यात दोन दिवसांनी ट्रे साफ करणाऱ्यांनी आता तो सकाळ-संध्याकाळ साफ करावा. जमिनीवर बसा, नाक सशाच्या नाकाच्या उंचीवर न्या आणि श्वास घ्या. तुम्हाला वास आला तर तो बिचारा चोवीस तास तोच श्वास घेतोय. नाकातला नाजूक थर अमोनियाने चरचरतो आणि जिवाणूंना वाट मोकळी होते. अंथरायला लाकडाचा भुसा वापरत असाल तर बंद करा, त्याची धूळ नाकात बसते. कागदाचे कपटे किंवा स्वच्छ गवत बरं. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, फोडणीचा ठसका, सुट्टीत काढलेलं रंगकाम, यातलं काहीही असेल तेव्हा ससा दुसऱ्या खोलीत. नवा ससा आणलात तर निदान दोन-तीन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि आधी जुन्याला खायला घालून मग नव्याकडे जा.

औषधांबद्दल मात्र कडक शब्दांत सांगावंच लागेल. घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक गोळी सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि दोन-चार दिवसांत ससा जातो. सर्दीने मेला असं आपल्याला वाटतं, मेलेला असतो गोळीने. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरायचं फिप्रोनिल सशाला विष आहे. बाम, निलगिरी, तुळशी-आल्याचा काढा, टोपात पाणी उकळून दिलेली वाफ, यातलं काहीही नको, आणि मे महिन्यात वाफ तर नकोच नको. डॉक्टर नेब्युलायझर सांगतील तर तो वेगळा प्रकार, त्यात गरम वाफ नसते. तुम्ही घरी करायचं ते एवढंच: कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने नाकपुड्या पुसून मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे त्याला खाण्याचा वास येतो आणि तो खातो. सशाची सर्दी पुष्कळदा मुळापासून जात नाही, आटोक्यात राहते. आठवडेच्या आठवडे औषध चालतं. शिंका थांबल्या म्हणून मधेच सोडू नका.

ऊन लागल्याचं कसं ओळखाल? ससा शांत असताना त्याच्या कुशीची हालचाल पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला 30 ते 60 श्वास ठीक. एप्रिलच्या सुरुवातीला, सकाळच्या गारव्यात हा आकडा एकदा मोजून लिहून ठेवा, म्हणजे दुपारचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल. श्वास फार वाढले, नाकपुड्या फाकतायत, कान लाल आणि चटका बसेल इतके गरम, तोंडाभोवती लाळेने ओलं, हाक मारली तरी उठत नाही, ही सगळी उन्हाची खूण. मान वर ताणून किंवा तोंड उघडून श्वासासाठी धडपडत असेल तर वेळ अगदी थोडा आहे, मग कारण ऊन असो की फुप्फुस.

अशा वेळी त्याला लगेच गार खोलीत न्या. साध्या, माठातल्या पाण्याने कान आतून-बाहेरून ओले करा, पाणी कानाच्या भोकात जाऊ देऊ नका. पंखा लावा, म्हणजे ओल्या कानांवरून वारा जाईल. पायाचे तळवे ओले करा. बर्फाचं पाणी नको, बर्फात बुडवणं तर नकोच, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. पाण्याचं भांडं तोंडापुढे धरा, पण ड्रॉपरने किंवा चमच्याने जबरदस्तीने पाजू नका, धापा टाकणाऱ्या सशाच्या फुप्फुसात ते पाणी उतरतं आणि उन्हातून वाचलेला न्यूमोनियाने जातो. पाठीवर उताणा धरू नका, पोटाचा भार छातीवर येऊन श्वास आणखी कोंडतो. कान निवले, श्वास मंदावला की ओलं करणं थांबवा. आणि तो उठून बसला तरी डॉक्टरांकडे न्याच. आतल्या अवयवांना बसलेला तडाखा एक-दोन दिवसांनी कळतो, आणि आतडं थांबलेलं असू शकतं. उन्हाने असो की सर्दीने, ससा दहा-बारा तास खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची वेळ आहे.

सगळेच जनावरांचे डॉक्टर ससे बघतात असं नाही. गाईगुरांत हयात घालवलेल्या चांगल्या डॉक्टरलाही ससा क्वचितच भेटलेला असतो. म्हणून आजारी पडायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. मुंबईत परळला, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आसपास राहणाऱ्यांनी तिथे चौकशी करावी. तातडी नसेल तर न्यायचं ते सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर, आणि केव्हाही नेलं तरी हवा खेळेल अशा टोपलीत, गुंडाळलेली गार बाटली शेजारी ठेवून. बंद गाडीत ‘दोनच मिनिटं’ ठेवू नका. आणि भूल द्यायची असली तरी सशाला उपाशी नेत नाहीत, त्याला उलटी होतच नाही. ‘उपाशी आणा’ असं कोणी सांगितलं तर ते सशांबद्दल बोलतायत ना, एवढं विचारा.

शेवटचं, मे महिन्याच्या सुट्टीचं. तुम्ही गावाला जाणार आणि ससा शेजारच्या काकूंकडे. त्या मायेने करतील, पण त्यांना सशातलं काही माहीत नसतं, आणि तुमचा फोन घाटात लागणार नाही. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: ट्रे दोन वेळा साफ, भांड्यात पाणी तीन वेळा, गोठवलेली बाटली दुपारी बारा आणि तीनला बदलायची, कॉइल लावायची नाही, खिडकी उघडी, गॅलरी बंद, आंघोळ नाही, गोळी नाही. सकाळी खाल्लं नाही तर संध्याकाळपर्यंत वाट न बघता डॉक्टरांना फोन. खाली डॉक्टरांचा नंबर, आणि तो नंबर काकूंच्या समोरच एकदा लावून बघा.